सरावलीचा भाग्येश

सकाळी आठ. बोईसरला सरावलीच्या रिक्षासाठी रांग होती. राहीबाईंच्या पुढे मोनाली आणि तिची मैत्रीण लाडकी उभ्या होत्या.

“मोना, तुमच्या कोड्यांच्या ग्रुपातला भाग्येश एवढ्या सरावलीत शोधायचा कसा?” लाडकीनं विचारलं.

“तेच कळत नाय. ‘न झोपता माणूस किती दिवस जगतो?’ त्यानं विचारलं, आमी पटापट आकडे टाकले.”

“मग?”

“रोज संध्याकाळी बरोबर उत्तर तोच सांगतो. परवापासून गप्प हाय, फोन बंद. त्यालाच झोप नसेल तर?”

“आडनाव तरी?”

“ते नाय ठाऊक. वटवाघूळ उलटं का झोपतं ते विचार, सांगते.”

“कमाल हाय बाई तुमची!”

मोनालीचा फोन वाजला.

“त्याच्याच नंबरवरून ग्रुपवर आलंय. ‘तुम्ही सगळे भाग्येशचे कोण?’”

“हे लिहितंय कोण?”

रिक्षा आली. राहीबाईंना पुढे सरकायचं होतं, पण दोघी हलेनात.

“कुणी उत्तर टाकलं?” लाडकीनं विचारलं.

“अजून कुणीच नाय.”