संडासापर्यंतची दोरी

अपंगांच्या सामानाचं दुकान निघालंय म्हणालास ना, त्यावरून आठवलं. आमच्या वेळी कुठलं रे असलं काही!

सत्तरच्या आसपास आम्ही घाटकोपरला चाळीत होतो. आईची नजर गेली. संडास गॅलरीच्या पार टोकाला, आणि तिला कुणाचा हात धरून जायची लाज वाटायची. म्हणून मी आमच्या दारापासून तिथपर्यंत कठड्याला दोरी बांधली. म्हातारी एकटी जायला लागली.

आठवड्याभरात बायकांनी दोरीवर कपडे वाळत टाकले! माझं डोकं सटकलं. गॅलरीत ओरडलो, "ही आंधळ्या माणसाची दोरी आहे. उद्या फडकं दिसलं तर खाली फेकीन!"

शेजारच्या सावंतवहिनी म्हणाल्या, "भावोजी, त्या आल्या की आम्ही उचलतो ना कपडे."

"काही गरज नाही."

दुसऱ्या दिवशी दोरी साफ मोकळी. दोन दिवसांनी आई विचारते, "रे झिला, चाळीतली माणसां खंय गेली?"

"आहेत की सगळी. का गं?"

"कपडे उचलूक बायका भायर येयत, दोन शब्द बोलत. आता कोण हाक मारणा नाय."

मी गेलो वहिनींकडे. म्हटलं, "चुकलं माझं. टाका कपडे."

"नको भावोजी. आंधळ्या माणसाची दोरी आहे ती."

मग बघून बाकीच्याही टाकतील म्हणून मीच माझा ओला शर्ट टाकला. आई पुढे वर्षभर जगली. दोरीवर रोज तो एकच शर्ट असायचा, आणि तो तिलाच चाचपून बाजूला सारावा लागायचा.