यंदा दार उघडं

जयगडच्या जेटीवर भागोजी फेरीबोटीची वाट बघत बसला होता. बोटीतून उतरलेली एक म्हातारी गुहागरकडे निघालेल्या मोटारींच्या रांगेपाशी थबकली आणि तिने एका काचेवर टकटक केली. त्यानंतर भागोजीला कान टवकारावे लागले नाहीत.

"ऋत्विक! तुला रे शिमग्याला रजा नव्हती ना?"

"गोदाकाकी! तू इथं कशी?"

"लेकीकडं गेले होते. माझं राहू दे, तुम्ही कुठं निघालात?"

"गुहागरला. दोनच दिवस गं. हॉटेल आधीच ठरवलं होतं."

"परवा पालखी आपल्या वाडीत येतेय. तुझे वडील गेल्यापासून तुमच्या बंद दारासमोरून देव तसाच पुढं जातो. यंदा मानकऱ्यांना सांगून ठेवलंय, ऋत्विकचं दार उघडं असेल."

"मला न विचारता?"

"तुला विचारलं की तुला रजा नसते."

"मग तूच उघड ना. किल्ली तुझ्याकडंच आहे."

"उघडीन की! अंगणपण सारवलंय. पण पालखीची ओटी घरच्या सुनेनं भरायची असते."

शेजारच्या सीटवरून त्याच्या बायकोचा आवाज आला. "काकी, ओटीला काय काय लागतं?"

"स्वप्ना, अगं, हॉटेलचं..."

"तू थांब जरा. सांगा काकी."

"नारळ, तांदूळ, खण. वाटेत सगळं मिळतं."

"मग बसा गाडीत. लग्नाला चार वर्षं झाली, मी आमच्या घराचं दार अजून उघडं बघितलेलं नाही."

बोटीवरच्या माणसाने शिट्टी मारली. "ओ मुंबईवाले, गाडी घ्या आत!"

ऋत्विकने डोकं बाहेर काढलं.

"आत नको, भाऊ. मागच्यांना जरा सरकायला सांगा."