शेवटचे चाळीस सेकंद

डिस्कवाली: चारच वाक्यं आहेत सर, पाचवंसुद्धा नाही. तिथे टेपला बुरशी लागलीय, नुसती खरखर ऐकू येते. काकूंनी ती पुन्हा बोलून दिली की माझं काम झालं.

नवरा: फोनवर सांगितलं ना, होणार नाही. तिचा आवाज गेलाय. कधीच गेलाय. एखादी तरुण मुलगी बघा.

बायको: अहो, तिला आधी बसू तरी द्या. दारातच काय उलटतपासणी? ये गं आत. आणि मला नीट सांग बाई. हे फोनवर काय ऐकतात आणि मला काय सांगतात, त्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. कसली डिस्क?

डिस्कवाली: तुमचा तो सिनेमा, काकू. एका घरातल्या नवरा-बायकोचा. छत्तीस वर्षांपूर्वी सरांनी त्याचं रेकॉर्डिंग केलं होतं आणि हिरॉइनला आवाज तुम्ही दिला होता. आम्ही तो नव्याने डिस्कवर काढतोय, लोकांना घरी बघायला. चित्र धुऊन-पुसून लख्ख झालंय. आवाजाचं काम माझ्याकडे आहे.

बायको: अगं, तो तर दुसऱ्या आठवड्यात उतरला होता! कोण बघणार आता?

डिस्कवाली: आता बघतात. तेव्हा लोक म्हणाले असतील, दोन तास नुसती भांडणं, घरात काय कमी आहेत? आता म्हणतात, किती खरं आहे.

नवरा: तेव्हाही खरंच होतं.

बायको: ऐकलंस? चार शब्द बोलले. आज सूर्य कुठे उगवलाय कोण जाणे. एरवी या घरात बोलायचं काम माझ्याकडे आणि ‘हं’ म्हणायचं यांच्याकडे.

डिस्कवाली: काकू, पण काय आवाज होता तुमचा! टेप साफ केली, हेडफोन लावले आणि माझ्या अंगावर काटा आला. इतक्या सिनेमांचं काम केलंय मी, असा आवाज नाही ऐकला. त्यानंतर तुमचं काहीच कसं नाही? मी खूप शोधलं.

बायको: त्यानंतर काही नाहीच. तो शेवटचा. काम संपलं आणि आठवड्याभरात आवाज बसला.

डिस्कवाली: आजारी होतात?

बायको: छे! धडधाकट होते. मला तर कळलंही नाही. हे एक दिवस जेवताना म्हणाले, “तुझ्या आवाजाला चिरा पडल्यात, माइकला लगेच कळतं, आता कोणी घेणार नाही.” आपला आवाज आपल्याला कुठे नीट ऐकू येतो? आणि यांचा कान म्हणजे धंद्यात दबदबा होता बघ. वरच्या मजल्यावर मांजर चाललं तरी रेकॉर्डिंग थांबवायचे. मग काय, दोन वर्षं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. घशात नळी घालून घेतली. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. मी म्हटलं, डॉक्टरला काय कळतंय? माझ्या घरात कान आहे!

नवरा: चहा टाक ना. पोरगी लांबून आलीय.

बायको: टाकते हो. स्टेशनवर गाड्यांच्या सूचना सांगायला बोलावलं होतं एकदा, कायमची नोकरी होती. मी गेलेच नाही. म्हटलं, आपल्या फाटक्या आवाजाने लोकांच्या गाड्या चुकतील. मुलांना झोपवतानासुद्धा हळूच गायचे, कुजबुजल्यासारखं.

डिस्कवाली: काकू, आठवड्याभरात असं होतं का? कारण माझ्याकडे शेवटच्या दिवसाचीच टेप आहे. तेच विचारायलाही आले होते, सर. तिसऱ्या टेकनंतर एक तुकडा आहे. चाळीस सेकंदांचा. तो संहितेत नाही, त्याचं चित्रही कुठे सापडत नाही. कापलेला सीन असणार. पण अख्ख्या सिनेमात त्याच्या तोडीचं काही नाही. डिस्कवर ‘न पाहिलेला प्रसंग’ म्हणून द्यायचं म्हणतोय आम्ही. फक्त तो नेमका कुठे यायचा, ते सांगा.

नवरा: कुठेच यायचा नाही. पुसून टाका.

डिस्कवाली: सर, असं कसं? एकदा ऐका तरी.

नवरा: मी रेकॉर्ड केलंय ते. मला माहितेय काय आहे. लॅपटॉप बंद करा.

बायको: लाव गं. माझाही आवाज आहे ना त्यात? मीही ऐकते. छत्तीस वर्षांत मी मला ऐकलेलं नाही.

(लॅपटॉपवर टेप सुरू होते, तिसऱ्या टेकच्या शेवटापासून.)

टेपवरची ती: ... तुम्ही घरात असता ना, तेव्हा मला जास्त एकटं वाटतं.

टेपवरचा तो: मग जा. दार उघडंच आहे.

टेपवरची ती: ... झालं का? आलं असेल बरोबर. ऐका. माइक बंद आहे ना? तुम्ही म्हणालात तर आज मी घरी जाणार नाही. खरंच सांगतेय. आजच काय, उद्याही नाही.

टेपवरचा तो: ... पाणी मागवा हो कोणीतरी. घसा सुकलाय. चला, पुढचा टेक घेऊ या.

डिस्कवाली: बघितलंत? ‘माइक बंद आहे ना’ हे वाक्य सिनेमातल्या बायकोच्या तोंडी का, ते मला कळलं नाही. पण काय म्हटलंय तुम्ही ते, काकू! आणि तो पाणी मागतो! कोणी लिहिलं होतं हे?

बायको: कोणी लिहिलं नव्हतं.

डिस्कवाली: म्हणजे?

बायको: दाढी म्हणायचो आम्ही त्याला. हिरोचा आवाज द्यायचा. सात वर्षं झाली, गेला बिचारा. आम्ही दोघं काचेच्या आत, माइकसमोर. आणि हे काचेच्या बाहेर, मशीनवर. कानाला हेडफोन लावून.

डिस्कवाली: अरे देवा! सॉरी काकू. मला खरंच वाटलं... मी निघते. हे मी आत्ताच्या आत्ता पुसते.

बायको: बस खाली. तू गेलीस की हे पुन्हा मुके होतील. मला एवढं सांग, टेपच्या डब्यात कागद असतो ना? प्रत्येक टेक कसा झाला, ते रेकॉर्डिस्ट लिहितो तो?

नवरा: अगं, आता जुनं कशाला उकरून काढतेस?

बायको: मी नाही उकरलं. ते बुरशीसकट घरी चालत आलंय. वाच गं.

डिस्कवाली: टेक एक. मागे खुर्ची वाजली. टेक दोन. हिरो अडखळला. टेक तीन. घ्यावा. शेवटचे चाळीस सेकंद... वापरू नये.

बायको: आणि आवाजाच्या रकान्यात?

डिस्कवाली: उत्तम. उत्तम. तिसऱ्यालाही उत्तमच आहे.

बायको: अक्षर यांचंच आहे. ‘त्त’ असा झोपवून तेच काढतात. म्हणजे तुम्ही ऐकलंत. ऐकलंत, शांतपणे कागद भरलात, रात्री घरी येऊन जेवलात. आणि आठवड्याने मला सांगितलंत की माझ्या आवाजाला चिरा पडल्या.

नवरा: मी काय करायला हवं होतं?

बायको: विचारायचं! ओरडायचं. ताट फेकून मारायचं.

नवरा: विचारलं असतं तर तू गेली असतीस.

बायको: कुठे? त्याने पाणी मागितलं, ऐकलंत ना? मी त्याच संध्याकाळी घरी आले. रस्ताभर लाजेने मेले होते. ठरवलं होतं, आता हेच घर, हाच माणूस, मनापासून करायचं. आणि तुम्ही केसाने गळा कापलात हो माझा.

नवरा: तू पुन्हा त्या माइकसमोर उभी राहायला नको होतीस. एवढंच होतं डोक्यात. म्हटलं, वर्षभराने सांगू, आवाज बरा झाला म्हणून. मग वर्ष झालं. तू गुळण्या करायचीस मोरीत, मी पेपर तोंडासमोर धरून बसायचो. रोज वाटायचं सांगावं. दुसऱ्या वर्षी सांगायचं कसं? दहाव्या वर्षी कसं सांगायचं? चूक झाली माझी.

बायको: चूक एकदा होते. माझी झाली तशी, चाळीस सेकंदांची. हे तुम्ही रोज सकाळी उठून केलंत. डॉक्टर खरं सांगत होते, त्यांना मी मूर्ख ठरवलं. मला वाटायचं, देवाने शिक्षा दिली. ज्या गळ्याने ते बोलले, तोच गळा काढून घेतला. मी देवाशी समझोता केला होता हो. आणि देव इथे पेपर वाचत बसला होता.

डिस्कवाली: काकू, पाणी देऊ का?

बायको: नको. ती चार वाक्यं दे.

डिस्कवाली: आज नको ना. मी पुन्हा येईन.

बायको: आजच. छत्तीस वर्षांची सुट्टी झालीय. कुठून सुरू करायचं?

डिस्कवाली: हे इथून. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. आवाज वर चढत नाही, पण शेवटपर्यंत सरळ जातो. मी मोबाइलवर घेते, नुसता अंदाज म्हणून.

बायको: “मी काही मागितलं नव्हतं तुमच्याकडे. फक्त...” थांब. पुन्हा घेते. “मी काही मागितलं नव्हतं तुमच्याकडे. फक्त एकदा विचारायचं होतंत, की तुला काय...” तुला काय... थांब हं. घसा जरा...

डिस्कवाली: छान येतंय काकू! थोडं साफ केलं, वर उचललं की अगदी—

बायको: खोटं बोलू नकोस गं. तुझ्या पोटात माया आहे, पण माझं आयुष्य गेलं असल्याच खोट्यात. हं, तुम्ही सांगा. कान अजून शाबूत आहे ना?

नवरा: मला नको विचारूस.

बायको: तुम्हालाच विचारणार. दुसरं कोण आहे मला? खरं सांगा. नाही तर आयुष्यात पुन्हा काही विचारणार नाही. कसा आहे?

नवरा: ... गेलाय.

बायको: संपूर्ण?

नवरा: शेवट धरत नाही. श्वास पुरत नाही. या पोरीला दुसरं कोणीतरी बघावं लागेल.

बायको: हं. आता खरं बोललात. त्या दिवशी होता, आज नाही. मग मधे नक्की गेला कधी? तुम्ही तर रोज घरातच होता.

नवरा: काय माहीत. आपण बोलत कुठे होतो?