मोज्यांवरच्या दुधाच्या पिशव्या

हसू नका, पण मला पहिली नोकरी दुधाच्या पिशव्यांनी मिळवून दिली! सॉफ्टवेअर कंपनीत इंटरव्ह्यू, धो-धो पाऊस आणि मी कोथरूडहून सायकलवर. आईने धुवून वाळत घातलेल्या दोन पिशव्या मी मोज्यांवर चढवल्या आणि वरून बूट घातले.

आत गेलो तर प्रत्येक पावलाला चुर्र-चुर्र! समोरच्या मॅडम म्हणाल्या, "काय वाजतंय हो?"

म्हटलं, गेली नोकरी! बूट काढून दाखवला. "दुधाची पिशवी आहे, मॅडम. मोजे एकदम कोरडे राहतात."

त्यांनी टेबलाखाली स्वतःच्या भिजलेल्या बुटांकडे बघितलं. "सोमवारपासून या. येताना माझ्यासाठी दोन आणा."

घरी पोचलो आणि दारातूनच ओरडलो, "आई, नोकरी लागली! अजून दोन पिशव्या दे!"

"छान. आधी पायातल्या धुवून वाळत घाल."