ओठ हलायच्या आत

कानाच्या दवाखान्यात शिंपीण आपल्या नंबरची वाट बघत होती. तपासणी आटोपून एक म्हातारं जोडपं तिच्या शेजारी येऊन टेकलं.

"दहातला एकच शब्द ऐकू आला तुला, आणि वर कानाचं मशीन नको म्हणतेस?"

"घरात तुमचं काही अडलं का कधी?"

"तेच तर कोडं आहे. माझं सगळं कसं ऐकतेस?"

"ऐकते कुठे? चष्मा पुसलात की चहा, घसा खाकरलात की भांडण. तुमचे ओठ हलायच्या आत पुढचं वाक्य मला पाठ असतं. पन्नास वर्षांत नवं काय बोललात?"

म्हातारा तिच्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, "तुझ्यासारखी तूच गं."

"काय?"

"तुझ्यासारखी तूच!"

"काय म्हणता?"

तो उभा राहून ओरडला. नाव पुकारलं तरी शिंपीण उठायची विसरली.

म्हातारीने केस कानामागे सारले. "असलं बोलणार असाल, तर घ्या मशीन."