बूच काढणारा स्ट्रायकर

अरे, नॉर्वेच्या राष्ट्रीय संघाकडून खेळलेल्या स्ट्रायकरला मी कचऱ्यावरून झापलंय, माहितीये का तुम्हाला? खोटं नाही सांगत! २०११च्या मोठ्या भूकंपानंतर दोनेक वर्षांनी, जपानमधल्या सेंदाईत. मी तेव्हा पोस्टडॉक, आणि त्या आठवड्यात बिल्डिंगचा कचरा सगळे नीट वेगवेगळा करून टाकतात का, ते बघायची पाळी माझी. सकाळी एक सहा फुटी गोरा आला आणि प्लास्टिकच्या बाटल्या तशाच टाकून निघाला. मी हाकच मारली, "थांब! आधी बूच काढायचं, मग लेबल सोलायचं!"

बिचारा उकिडवा बसून बुचं काढायला लागला. मी विचारलं, "करतोस काय इथे?"

"फुटबॉल खेळतो. स्ट्रायकर आहे."

"ते ठीक. पण नोकरी?"

तो हसला. "सात मॅच झाल्या, एक गोल नाही. आता शोधावीच लागेल."

घरी सांगितलं, तर बायकोने कपाळावर हात मारला आणि फोनवर नॉर्वेच्या जर्सीतला त्याचा फोटोच दाखवला. मग काय, शनिवारी शेजारच्या साईतो आजींना घेऊन आम्ही थेट स्टेडियममध्ये, पुढच्याच रांगेत! शेवटच्या मिनिटाला पठ्ठ्याने हेडर मारला. गोल! अख्खं स्टेडियम उभं! हा धावत आमच्या बाजूला आला, मला ओळखलं, कडेला पडलेली पाण्याची बाटली उचलली, बूच काढलं आणि उंच धरून दाखवलं! मी वेड्यासारखा ओरडतोय, "नोकरी टिकली रे!"

साईतो आजी तेवढ्या शांत. बाटलीकडे बघत म्हणाल्या, "लेबल राहिलं."