डावीकडे वळलं की हॉर्न

आमच्या गाडीच्या हॉर्नचं तुम्हाला सांगितलंय का मी? डोंबिवलीतल्या एका गॅरेजमध्ये स्टिअरिंगचं काम करून घेतलेलं. घरी येताना कळलं, गाडी डावीकडे वळवली की हॉर्न आपोआप वाजतो, आणि स्टिअरिंग सरळ होईपर्यंत थांबत नाही. पुढचा रिक्षावाला मान वळवून म्हणाला, "काका, उडून जाऊ का?"

मी आणि माझी बायको सुजाता तसेच परत गॅरेजवर गेलो. मालक पेडणेकर शांतपणे म्हणाले, "नवीन काम आहे. चालवत राहा, होईल सेट."

"उद्या बाबांना डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचंय," सुजाता म्हणाली. "हॉस्पिटलच्या दारात असा भोंगा वाजवत शिरायचं का? तुम्हीच एक चक्कर मारून बघा."

पेडणेकर गाडी चालवायला बसले, आम्ही दोघं मागे. पहिल्याच डाव्या वळणावर हॉर्न सुरू झाला आणि नेमका तिथेच ट्रॅफिक हवालदार पाठ करून उभा. तो केवढा दचकला. त्याने गाडी बाजूला घ्यायला लावली.

"कानात काय वाजवताय?"

"साहेब, मी नाही वाजवला," पेडणेकर घाईघाईने म्हणाले. "आपोआप वाजतोय. गॅरेजवाल्याने काम नीट केलेलं नाही."

"कोण गॅरेजवाला?"

पेडणेकर आरशातून आमच्याकडे बघायला लागले.

सुजाता मागून म्हणाली, "सांगा ना दादा, लाजताय कशाला?"